चालू होते, पण बाराव्या दिवशी बंद पडते: महिन्याभरात कादंबरी लिहिताना येणारा बिघाड

लक्षण आधी सांगते.

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची, अशी एक टूम आहे. मीही तीच धरली. पहिल्या तारखेला कादंबरी झोकात सुरू होते. आठ दिवस हात थांबत नाही. दहाव्या दिवशी शब्द निम्म्यावर येतात, अकराव्या दिवशी मी पहिलं प्रकरण ‘जरा सुधारायला’ घेते आणि बाराव्याच्या आसपास वही कपाटात जाते. एकदाच झालं असतं तर नशिबावर ढकललं असतं. पण २०२१ मध्ये ११व्या दिवशी, २०२२ मध्ये १३व्या, २०२३ मध्ये ९व्या आणि २०२४ मध्ये १२व्या दिवशी हेच झालं. चार नोव्हेंबर, चार वह्या, आणि एकीतही पंधरा हजार शब्द भरले नाहीत. पाचव्या खेपेला, २०२५ च्या पावसात, खर्डा शेवटापर्यंत गेला. बिघाड नेमका कुठे होता हे शोधायला मला चार वर्षं लागली. ज्यांची वही सध्या अशीच अर्धवट पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मालवणात आमचं होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हे दुरुस्तीसाठी बंदरावर, मी गल्ल्यावर. लिहायचं ते दुपारी गिऱ्हाईक नसताना आणि रात्री जेवणं आटपल्यावर. तेव्हा पुढे मधूनच डिझेलचा वास आला तर समजून घ्या.

दोन वेगळे बिघाड

दुकानात तांडेल (होडीचा म्होरक्या) येतो आणि म्हणतो, “वैनी, इंजिन एका हाकेत चालू होता, पन अर्ध्या तासान आपसूक बंद पडता.” अशा वेळी बॅटरी बघायची नसते. स्टार्टर बघायचा नसतो. एका हाकेत चालू झालं म्हणजे ते दोन्ही ठणठणीत आहेत. चालून बंद पडतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: डिझेल पोचत नाहीये. मग टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का, फिल्टर चोकअप झालाय का, डिझेलात पाणी आहे का, लाइनीत कुठे एअर धरलीय का, या क्रमाने बघत जायचं.

हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी चारही नोव्हेंबरांत मी कादंबरीची बॅटरीच चार्ज करत बसले. पहाटे उठले. फोन कपाटात ठेवला. भिंतीवर तक्ते लावले. एका वर्षी तर मैत्रिणीशी पैज लावली आणि हरल्यावर तिला बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. भेटेल तो ‘शिस्त लागते’ आणि ‘मूड टिकवावा लागतो’ असं सांगत होता, मीही मान डोलवत होते. पण पहिले आठ दिवस मी रोज दीड हजारावर शब्द लिहिले होते, तेही दिवाळीच्या गर्दीत. शिस्त नसलेल्या माणसाचं हे काम नव्हे. तेव्हा तुमची कादंबरी सुरूच होत नसेल तर पुढचं फारसं उपयोगी पडणार नाही. ती सुरू होते आणि मग थांबते, असं असेल तर वाचा.

आधी बाहेरचे दोष काढून टाकू

यातला एकही मूळ बिघाड नव्हता. तरी ते दुरुस्त केल्याशिवाय मूळ बिघाड दिसतच नव्हता, म्हणून सांगते.

पहिला संशय दिवाळीवर. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं, २०२३ मध्ये १२ ला, २०२४ मध्ये १ तारखेला. पाडव्याला इथे रामेश्वर-नारायणाची पालखी निघते, त्या दिवशी मालवणात घरात बसून लिहिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. शिवाय माहेरी भातकापणी, किनाऱ्यावर पर्यटक, बंद पडलेल्या होड्या. फराळ, पाहुणे, पालखी यांच्यावर खापर फोडणं सोपं होतं. पण २०२२ चं काय? त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होऊन गेलं होतं. नोव्हेंबर बऱ्यापैकी मोकळा मिळाला आणि कादंबरी बंद पडायला फक्त एक-दोन दिवस जास्त लागले. म्हणजे दिवाळी सुटली.

तरीही महिना बदललाच. कारण ऐकण्यासारखं आहे. तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची ही टूम काढली ख्रिस बेटी नावाच्या अमेरिकन माणसाने, १९९९ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात. पहिल्या वर्षी एकवीस जण होते आणि महिना होता जुलै. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो नोव्हेंबरवर नेला, कारण त्यांच्याकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणूस घरात बसतो. पुढे जगभर लोक नोव्हेंबरातच लिहीत राहिले. तो उपक्रम चालवणारी संस्था बंद होत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, पण पन्नास हजारांचा आकडा आणि नोव्हेंबर हे दोन्ही लोकांच्या डोक्यात राहिलेच. आता सांगा, कोकणात वाईट हवा कधी असते? नोव्हेंबरात तर आमच्याकडे जग फिरायला येतं! वाईट हवेचाच हिशोब धरायचा तर आमचा नोव्हेंबर जून-जुलैत येतो. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या. ऑगस्टसाठी इंजिनं उघडायची घाई सुरू होते ती जुलैच्या मध्यावर, तोवर गल्ला ओस. माझा महिना ११ जून ते १० जुलै असा ठरला. (१० जूनला वटपौर्णिमा होती. त्या दिवशी मुहूर्त करते म्हटलं असतं तर घरात वेगळीच कादंबरी घडली असती.) तुमचा महिना वेगळा असेल. आंबेवाल्यांनी एप्रिल-मेचा विचारही करू नये, लावणी करणाऱ्यांनी जुलैचा करू नये, आणि ज्यांच्या घरी गणपती पाच किंवा अकरा दिवस असतात त्यांनी तो महिना सोडून द्यावा.

दुसरा संशय आकड्यावर, आणि इथे मला खरंच काही सापडलं. पन्नास हजार भागिले तीस म्हणजे रोज १,६६७. हा हिशोब इंग्रजीचा आहे. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहितो. ‘किल्ल्याच्या तटावरून’ हे संगणकाच्या मोजणीत दोन शब्द, इंग्रजीत त्यालाच सहा लागतात. शाळेत शिकवणाऱ्या नणंदेकडून मी माझ्या एका पानाचं इंग्रजी करून घेतलं, ते ठळकपणे लांब निघालं. म्हणजे मराठीत पन्नास हजार गाठणारा माणूस इंग्रजीत पन्नास हजार लिहिणाऱ्यापेक्षा बरीच मोठी कादंबरी लिहीत असतो, तीही तेवढ्याच दिवसांत. मी आकडा खाली आणला: रोज १,४०० शब्द, लिहायचे दिवस २६, एकूण ३६,४००. उरलेले चार दिवस आधीच सोडून दिले. त्यातला एक ६ जुलैचा, आषाढी एकादशीचा. बाकीचे तीन ताप, लाइट आणि पाहुणे यांच्या नावाने.

बाकीच्या गोष्टी झटपट. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहू नका, दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की सगळा पालापाचोळा होतो. फोनच्या कळफलकावर लिहीत असाल तर आपोआप दुरुस्ती बंद करा. माझी दुसरी वही फोनवर उतरवली तेव्हा ‘दर्या’चं सगळीकडे ‘दऱ्या’ झालं होतं आणि खलाशी पहाटे जाळी घेऊन दऱ्यांमध्ये उतरत होते. पावसात लाइटवर भरवसा ठेवायचा नाही: हातानेच लिहायचं ठरवून दोनशेपानी वही आणली, एका पानावर माझे साधारण १८० शब्द बसतात हे आधी मोजून घेतलं, म्हणजे आठ पानं भरली की दिवस संपला. रोज शब्द मोजायची कटकट नाही. शाई फुटते, म्हणून बॉलपेन. वही रात्री फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे जरा ऊब असते तिथे. नाहीतर आठवड्यात पानांना बुरशीचा वास यायला लागतो.

चार वह्या उघडून बघितल्या

हे सगळं दुरुस्त करूनही बारावा दिवस तसाच राहणार, अशी शंका मला होती. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात चारही वह्या घेऊन बसले आणि प्रत्येकीचं फक्त शेवटचं पान वाचलं.

चारही शेवटच्या पानांवर नायिका उभी होती. एका वहीत किनाऱ्यावर, एकीत खिडकीशी, एकीत एसटी स्टँडवर, एकीत परसात विहिरीजवळ. उभी आणि विचार करत असलेली. वारा सुटलेला. मला आधी हसू आलं आणि मग जरा भीतीच वाटली.

मग उलट दिशेने वाचत गेले. पहिल्या आठ दिवसांत काय होतं? घर. आजी. माजघरातला अंधार. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जमलेला गाव आणि तिची वाटणी कशी होते त्याचा तपशील. वादळ. २०२३ च्या वहीत तर ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासनाच्या आदेशावर, म्हणजे पर्ससीन जाळ्यांवर आलेल्या निर्बंधांवर, सलग सहा पानं होती, कारण त्या ऑक्टोबरात मी ‘तयारी’ म्हणून तेच वाचत होते. सगळं खरं होतं, पुष्कळसं बरंही लिहिलेलं होतं. पण त्यात कुणाला काही हवं नव्हतं. मला गाव माहीत होता, तो आठ दिवसांत सांगून संपला. टाकीत जेवढं होतं तेवढं जळालं आणि इंजिन थांबलं. त्यात नवल ते काय?

माझी तयारी कमी नव्हती, हे इथे मला कळलं. ती भलत्याच गोष्टीची होती. ऑक्टोबरभर मी ठिकाण जमवत होते आणि भांडण जमवायचं राहून जात होतं.

रंगपटात काय ठरतं

आमच्याकडे कार्तिकातल्या जत्रांपासून दशावताराचा हंगाम सुरू होतो. लहानपणी मी माहेरच्या जत्रेत नाटकापेक्षा रंगपटातच जास्त घुटमळायची. पेटारे उघडलेले, एकजण आरशात बघून भुवया काढतोय, दुसरा नऊवारीच्या निऱ्या घालतोय, आणि त्याच वेळी मुख्य नट त्या रात्रीचं आख्यान सांगतोय. हातात कागद नाही. सांगतो ते एवढंच: तू राजा, तू येतोस तेव्हा तुला ऋषीचा शाप माहीत नाही. तू राणी, तुला मूल हवंय. तू राक्षस, तू वेष पालटून येतोस आणि भिक्षा मागतोस. कोणामागून कोण, कोण काय मागणार, कोण नडणार. संवाद कुणी सांगत नाही. आड-दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, होतो, संकासुर येऊन हसवून जातो, आख्यान सुरू होतं, आणि ही माणसं पहाटेपर्यंत न लिहिलेलं बोलत राहतात. पेटी आणि मृदंग त्यांच्या मागोमाग.

रात्रभर ती अडत नाहीत, कारण प्रत्येकजण रंगमंचावर काहीतरी मागायला आलेला असतो. महिन्याभरात खर्डा लिहिणाऱ्याला याहून जवळचा शेजारी कोण? त्यालाही वाक्यं आयत्या वेळीच सुचायची आहेत. मग ठरवायचं ते त्यांच्यासारखंच ठरवावं.

म्हणून दुकानातली जुनी बिलबुकं काढली, पाठकोऱ्या चिठ्ठ्या केल्या. २६ दिवस, २६ चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक प्रवेश आणि चारच गोष्टी: कोण येतं, काय मागायला येतं, कोण अडवतं, जाताना काय बदललेलं असतं. वर्णन लिहायचं नाही, संवाद लिहायचा नाही. चिठ्ठी एवढी लहान की लिहायचं म्हटलं तरी मावणार नाही. माझी गोष्ट अशी: वडील गेले, होडीत बहिणीचाही वाटा आहे, ती मुंबईहून परत आलीय, होडी भाऊ चालवतो. चौथी चिठ्ठी होती, “बहीण येते. होडीचे कागद मागते. भाऊ नाही म्हणत नाही, जेवायला वाढतो. जाताना तिला कळतं, कागद घरात नाहीतच.” पाचवी, “बहीण सोसायटीत जाते. कर्जाचा आकडा विचारते. कारकून भावाचा मित्र, तो चहा मागवतो. जाताना तिला कळतं, सही वडिलांची नाही.”

चौथी झाली म्हणून पाचवी. ‘म्हणून’ हा शब्द दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून बघायचा. बसला तर ठीक. ‘मग एके दिवशी’ असं म्हणावंसं वाटलं तर तिथे खालच्या कोपऱ्यात फुली.

२०२५ मध्ये मान्सून लवकर आला, २५ मेलाच देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. धंद्याचं वाटोळं झालं, पण मेचा शेवटचा आठवडा मला आयताच मिळाला. पहिल्या दहा चिठ्ठ्या दोन संध्याकाळींत झाल्या. पुढच्या सोळांना पंधरा दिवस लागले. हा पंधरा दिवसांचा त्रास म्हणजेच चार वर्षं दर नोव्हेंबरच्या बाराव्या दिवशी मला गाठणारा त्रास. फक्त तो आता मी पाय पसरून, चहा पीत, गणती सुरू नसताना भोगला.

एअर काढणे

सगळ्यात लबाड बिघाड आता सांगते.

डिझेलच्या लाइनीत टाकीकडून पंपाकडे ओढ असते त्या भागात तांब्याचा वॉशर ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. हात फिरवून बघा, नळी कोरडी. एक थेंब दिसत नाही आणि इंजिन मात्र गचके खात बंद पडतं. नवीन पोरं याला हमखास फसतात. गळती दिसली असती तर त्यांनी शोधली असती.

माझ्या चिठ्ठ्याही वरून कोरड्या ठाक होत्या. सव्वीसच्या सव्वीस भरलेल्या, म्हणूनही बसलेलं. मी खूश. कुठे हवा शिरतेय ते एकटीला दिसणं शक्य नव्हतं, कारण मोकळ्या जागा माझं डोकं आपोआप भरत होतं.

त्या सापडल्या सासूबाईंमुळे. त्या संध्याकाळी सोलां निवडत बसतात तेव्हा मी चिठ्ठ्या वाचायला लागले. गोष्ट म्हणून, वहीतलं लिखाण म्हणून नव्हे. “एक मुलगी आहे, तिचे वडील गेले,” अशी सुरुवात. त्या मधेमधे म्हणत राहिल्या, “मगे?” जोवर “मगे?” येत होतं तोवर लाइन साफ होती. सहाव्या चिठ्ठीवर त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, “पन तिका होडी व्हयी कित्याक?”

मी म्हटलं, वडिलांची म्हणून.

“बापाशीची म्हणान? मुंबैत नोकरी असताना? ती काय दर्यात जातली?”

मला उत्तर देता येईना. सव्वीस चिठ्ठ्या, आणि नायिकेला होडी का हवी ते त्यातल्या एकीवरही नव्हतं. ती उभी राहून विचार का करत होती ते मला त्या क्षणी कळलं. तिलाही ठाऊक नव्हतं! बिचारी चार वर्षं विहिरीजवळ उभी राहून तेच आठवायचा प्रयत्न करत होती.

उत्तर शोधायला चार दिवस गेले. शेवटी ते असं निघालं की तिला होडी नकोच आहे. तिला ती विकायची आहे, मुंबईत अंगावर आलेलं देणं फेडायला, आणि हे ती भावाला सांगू शकत नाही. एवढं ठरल्यावर सहापासून अकरापर्यंतच्या चिठ्ठ्या फाडाव्या लागल्या. फाडल्या. जूनमध्ये चिठ्ठी फाडायला काही लागत नाही. बाराव्या दिवशी नव्वद पानं फाडायची वेळ येते तेव्हा माणूस वहीच मिटतो.

तर एअर काढायची पद्धत ही. घरातला असा माणूस शोधा ज्याला तुमच्या लिखाणाचं कौतुक नाही आणि ज्याचे हात कामात आहेत. लिहिणारे मित्र नकोत, ते शैलीबद्दल बोलतात. त्याला गोष्ट तोंडी सांगा, शक्यतो घरच्या बोलीत, कारण बोलीत थाप मारता येत नाही. ‘मगे’ आलं की पुढे चला. ‘कित्याक’ आलं आणि तुम्ही ‘म्हणजे, ते असं आहे की’ अशी सुरुवात केलीत, तर थांबा, तिथे वॉशर ढिला आहे. बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत हँडपंप मारतात तसं पहिल्या चिठ्ठीपासून पुन्हा सांगा. मला तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला सासूबाई म्हणाल्या, “आता जमला. पन कढयेत मीठ टाकूक इसरलंस.”

महिना सुरू असताना

तयारी नीट झाली असेल तर इथे सांगण्यासारखं थोडंच उरतं.

टाकी तळापर्यंत जाळू नका. डिझेल संपेपर्यंत इंजिन चालवलं की लाइनीत हवा भरते आणि नुसतं डिझेल ओतून ते चालू होत नाही. तसंच त्या दिवशीची चिठ्ठी अगदी कोरडी करून उठू नका. आठवं पान भरलं की वाक्य अर्धं असलं तरी मी उठत होते. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करायचं म्हणून बसलं की पुढचं येतं.

मागचं वाचू नका. नायिकेच्या भावाचं नाव आठवत नसेल तर ‘भाऊ’ लिहा आणि पुढे जा. माझ्या खर्ड्यात कारकुनाला तीन वेगवेगळी नावं आहेत. एखादी माहिती अडली, समजा सोसायटीचं कर्ज थकल्यावर नोटीस कोणत्या नमुन्यात येते, तर समासात फुली मारा आणि नोटीस आली असं धरून चाला. त्या पानासाठी तुम्ही शोध घ्यायला उठलात की तो दिवस गेला. डिझेलातलं पाणी म्हणतात ते हेच: दिसायला टाकी भरलेली, जळणारं मात्र काही नाही.

आणि सर्व काळजी घेऊनही ती थांबलीच, तर शेवटचं अर्धं पान बघा. पात्र एकटं असेल तर दार वाजवा आणि दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी मागायला आत पाठवा. पात्र विचार करत असेल तरी हेच. दोन पात्रं आहेत पण ती एकमेकांशी सहमत असतील तर त्यातल्या एकाला ते नको असलेलं करून टाका. एक वेगळाच, झगझगीत, नवीन कादंबरीचा विषय डोक्यात येऊन बसला असेल (अकराव्या दिवशी तो येतोच, माझ्याकडे दर वर्षी आला) तर तो एका चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात टाका. तो विषय चांगला असेलही. पण त्याची पंचविसावी चिठ्ठी तुमच्याकडे नाही, म्हणून तो चांगला दिसतोय.

बारावा दिवस

२२ जून. आदल्या रात्रीपासून लाइट नव्हती, पाऊस कौलांवर असा की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. बॅटरीच्या दिव्यात अकरावी चिठ्ठी काढली, एक सुट्टी आधीच खर्च झाल्यामुळे मी एक चिठ्ठी मागे होते. “भाऊ येतो. बहिणीकडे पैसे मागतो. ती देऊ शकत नाही आणि का ते सांगू शकत नाही. जाताना त्याला वाटतं, मुंबईने बहीण बिघडवली.” आठ पानांऐवजी अकरा झाली. मला ती लिहिताना फार मजा आली असं म्हणणार नाही, पाठ दुखत होती आणि डास होते. पण पुढे काय, हा प्रश्न एकदाही पडला नाही.

सगळंच ठरल्यासारखं झालं असंही नाही. तीन चिठ्ठ्या लिहायला घेतल्यावर निकामी निघाल्या, त्या तिथल्या तिथे बदलल्या. कारकून, जो एका प्रवेशापुरता होता, तो पाच प्रवेश व्यापून बसला. १० जुलैला ३३,८०० च्या आसपास शब्द झाले, आकड्याला अडीच हजारांनी कमी. उरलेला भाग १४ तारखेला संपला. खर्डा वाचण्यासारखा नाही. तो पत्र्याच्या ट्रंकेत आहे, पुढचं वर्षभर त्याच्यावर काम आहे. पण त्याला शेवट आहे, आणि शेवटच्या पानावर कुणी उभं राहून विचार करत नाही.

सव्विसावी चिठ्ठी मात्र मला अजून खटकते. त्यात बहीण होडी न विकता परत जाते. लिहिताना ते बरोबर वाटलं होतं. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या, दुकानात फिल्टर-वॉशरची झुंबड उडाली, ती ओसरल्यावर एका दुपारी सासूबाईंना शेवट सांगितला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“कित्याक?”